चेअरमनची जपानी

तिसऱ्या तासाला बापूसो मगदूम यांनी पुस्तक मिटलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, ह्ये सफरचंद बास झालं," ते म्हणाले. "ह्ये सफरचंद हाय, त्ये सफरचंद न्हाई. एवढं म्हणायला मी कुरुंदवाडवरनं येतोय व्हय?"

"सुरुवात अशीच करतात, काका."

"करू द्या की. पण चेअरमनला काय म्हणत्यात त्ये सांगा आदी."

"काइचो."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कोरं कार्ड काढलं, त्यावर देवनागरीत 'काइचो' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. कार्ड म्हणजे जाड आमंत्रणपत्रिकेचा कापलेला तुकडा होता. मागच्या बाजूला छापलेलं होतं, 'आपला नम्र, बापूसो मगदूम, चेअरमन'. त्यांच्या उपसा पाणीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेच्या पत्रिका जास्तीच्या छापून घरी पडल्या होत्या. चांगला कागद वाया कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं.

राजारामपुरीत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी जपानी शिकवते. मी मूळची रसायनशास्त्राची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत लोखंडाचे नमुने तपासायचे. तिथलं कास्टिंग जपानला जायचं, म्हणून कंपनीने मला भाषा शिकायला लावली आणि वर्षभर तिकडे पाठवलं. पुढे नोकरी सुटली, भाषा राहिली. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं डिप्लोमा करून जपानला नोकरीला निघालेली असतात. सत्तरीला टेकलेला विद्यार्थी मला पहिल्यांदाच मिळाला होता.

शिकण्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांची मुलगी रुचिता आणि जावई अरिहंत नागोयाला असतात. नात मोना वर्षाची असताना तिकडे गेली, तिथल्याच शाळेत शिकली, आता सहावीत आहे. मराठी तिला बरीचशी समजते, पण तोंडातून येते ती जपानी. गेल्या वेळी ती सुट्टीत आली तेव्हा आजोबांशी तिचं बोलणं 'हो' आणि 'नको' एवढ्यावर भागलं.

"माझा आवाज मोठा," बापूसो म्हणाले होते. "रानात मोटारीच्या आवाजात बोलून बोलून झालाय तसा. पोरगी दचकती. पुढच्या खेपंला ती यायच्या आदी मला चार वाक्यं बोलाय यायला पायजेत. न्हाईतर ती मोठी हुईल आन मला निस्ता नमस्कार करून जाईल."

हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं. म्हणूनच मला हवामान, जेवण, शाळा अशी वाक्यं आधी घ्यायची होती. त्यांना ती नको होती.

"सरकारला?"

"सेइफु."

"इलेक्शनला?"

"सेन्क्यो."

"सत्तेला?"

"केन्र्योकु."

प्रत्येक शब्दाला एक कार्ड. पुढच्या मंगळवारी आले तेव्हा सगळे तोंडपाठ होते. सफरचंद मात्र ते विसरले होते. अतिसंपृक्त द्रावणात एक लहानसा स्फटिक टाकला की त्याच्याभोवती बाकीचं झरझर जमत जातं. त्यांच्या बाबतीत तो स्फटिक कोणता, हे मला कळलं. मी वाद सोडून दिला आणि जपानच्या राज्यकारभाराचे शब्द काढून बसले.

एक शब्द मात्र त्यांनी घेतला नाही. शिकवणीसाठी रुचिताने फोन केला तेव्हा सांगितलं होतं की गेल्या वर्षी त्यांचं चेअरमनपद गेलं. तेव्हा 'काइचो'ची उजळणी करताना मी सहज म्हटलं, "याच्या आधी 'मोतो' लावलं की माजी होतं. मोतो-काइचो."

पेन कार्डावर टेकवलेला होता. तो तसाच राहिला.

"त्ये न्हाई लिहीत," ते म्हणाले. "फुडचा सांगा."

मी पुढचा सांगितला.

ते दुपारी यायचे. चातुर्मास पाळायचे, त्यामुळे दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचायचं असायचं. येताना पिशवीत कृष्णाकाठची वांगी आणायचे आणि ठेवताना न चुकता सांगायचे, "आमच्यात चालत न्हाईत आता. तुम्ही खावा."

बाकुफु हा शब्द शिकवताना मी सांगितलं की सेनापतीच्या छावणीभोवती कापडी पडदा लावायचे, त्या पडद्याआडून चालणारा कारभार म्हणजे बाकुफु. पुढे सेनापतीच, म्हणजे शोगुनच, सगळ्या देशाचा कारभार बघू लागला, तरी नाव तेच राहिलं.

"मांडवातनं कारभार," बापूसो म्हणाले. "आमच्याकडं गणपतीच्या मांडवात ठरतंय सगळं. खुर्च्या फकस्त हापिसात."

चुओ-शूकेन लिहायला चार चित्राक्षरं लागतात. पहिली दोन मध्यभागाची, तिसरं गोळा करण्याचं, चौथं अधिकाराचं. अधिकार मध्यभागी गोळा करणं. मी फळ्यावर लिहून दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले.

"कारखाना, बँक, दूध, शाळा, सगळं एका ठिकाणी आलं की ह्येच म्हणायचं न्हवं?"

"हो, तसंच काहीसं."

"जपान्यांला चार अक्षरं लागत्यात. आमच्यात निस्तं आडनाव सांगितलं की कळतंय."

सान्किन-कोताइच्या दिवशी ते पहिल्यांदा चेअरमनपद गेलं त्या निवडणुकीबद्दल बोलले. शोगुनच्या काळात प्रत्येक सरदाराला, म्हणजे दाइम्योला, एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष शोगुनच्या एदो शहरात राहावं लागे. बायकामुलं कायमची एदोत. दाइम्यो गावी गेला तरी त्याचा जीव शोगुनच्या हातात. ही पद्धत म्हणजे सान्किन-कोताइ.

"सहल," बापूसो लगेच म्हणाले.

"सहल नाही, काका. सक्तीचं राहणं."

"आवो मॅडम, सहलच की. चेअरमन निवडीच्या आदी संचालक उचलायचे, बसमध्ये घालायचे, गोव्याला न्यायचे. फोन काढून घ्यायचे. मतदानादिवशी सरळ हापिसाच्या दारात उतरवायचे. खायला-प्यायला झ्याक असतंय, पर हलायचं न्हाई. तुमच्या शोगुननं काय येगळं केलं?"

मी विचार केला. वेगळं फारसं नव्हतं.

"माझ्यातले तिघं गेले," ते म्हणाले. "आदल्या दिवशी माझ्या घरात पोहे खाऊन गेले. त्येंच्या बायका मला अण्णा म्हणत्यात. दुसऱ्या दिवशी बसमधनं उतरले, तवा तिघांच्या डोक्याव सारख्या टोप्या. गोव्यातनं घेतलेल्या." त्यांनी कार्ड पुढ्यात ओढलं. "त्या टोप्यांचंच लई वाईट वाटलं."

मग कार्डावर त्यांनी 'सान्किन-कोताइ' लिहिलं आणि त्यापुढे 'सहल' लिहिलं. मी खोडलं नाही.

हाइहान-चिकेन त्यांना सगळ्यात आवडला. दीडशे वर्षांपूर्वी जपानने दाइम्योंचे मुलूख, म्हणजे 'हान', एका हुकमाने बरखास्त केले आणि त्या जागी जिल्ह्यांसारखे 'केन' आणले. दाइम्योंना राजधानीत बोलावून ठेवलं आणि केंद्रातून अधिकारी पाठवले. त्याच्या दोन वर्षं आधी दाइम्योंनी आपले मुलूख सम्राटाला अर्पण केले होते आणि सरकारने त्यांनाच तिथला कारभारी नेमलं होतं.

"म्हंजी आदी सह्या घेतल्या, मान दिला, मग घरला घालवलं," बापूसो म्हणाले. "आमचं कुरुंदवाड पण संस्थानच की. आमचे वडील सांगायचे, रात्री झोपताना संस्थान हुतं, सकाळी उठून बघतोय तर मामलेदार."

ऑगस्टमध्ये त्यांनी नातीशी बोलून बघायचं ठरवलं. त्यासाठी मात्र त्यांनी माझं ऐकलं. आज हवा कशी आहे, तू बरी आहेस का, शाळा कशी आहे, अशी तीन वाक्यं मी घोटून घेतली. पुढच्या मंगळवारी ते आले ते पिशवी न ठेवताच बसले.

"काय झालं?"

"काय व्हायचंय. मी म्हटलं, बरी हाईस का. ती म्हणाली, हाय. मी म्हटलं, शाळा कशी हाय. ती म्हणाली, हाय. हवा इचारली, तवा खिडकीकडं बगून पुन्ना हाय. मग रुचिता आली फोनवर."

"जपानीत 'हाइ' म्हणजे हो."

"ठावं हाय मला. आमच्यातबी हाय म्हणजे हायच." ते हसले नाहीत. "मॅडम, तुमची वाक्यं बरोबर हुती. पर असली वाक्यं कुणीबी कुणालाबी इचारतंय. पोरीला काय पडलंय त्येचं?"

त्यानंतर नदीला पाणी आलं, शिरोळकडचा रस्ता बंद झाला आणि दोन तास बुडाले. रस्ता सुरू झाल्यावर ते यायचे, पण नवीन शब्द मागायचे नाहीत. कार्डं रबरबँड लावून खिशात असायची. ती बाहेर काढायचे नाहीत. मी विचारलं की मोनाला पुन्हा फोन लावला का, तर म्हणायचे, "रुचिताशी बोलतोय की, दर रविवारी."

दिवाळी झाली. चातुर्मास संपला. एका शनिवारी दुपारी ते वेळ न ठरवता आले. मुलं नुकतीच उठून गेली होती.

"ह्या महिन्याची फी देतो आन बंद करतो," ते दारातूनच म्हणाले. "डोकं चालंना आता."

"आत तर या. चहा घ्या."

ते बसले. मी चहा ठेवायला आत गेले, तेव्हा त्यांचा फोन वाजला. रुचिताने आवाजी निरोप पाठवला होता. ते निरोप नेहमी स्पीकरवरच लावायचे, त्यामुळे मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"आप्पा, उद्या मोनाला बोलायला जमणार न्हाई बघा. शाळेत इतिहासाचं वर्तमानपत्र तयार करायचंय, सोमवारी द्यायचंय. दाइम्यो, सान्किन-कोताइ, हाइहान-चिकेन, कायकाय हाय त्यात, मला एक अक्षर कळंना. अरिहंत टूरवर गेलाय. पोरगी रडकुंडीला आलीया. नंतर लावते मी."

 मग तोच निरोप पुन्हा लागला. मी गॅस बंद करून बाहेर आले. बापूसो फोनकडे बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्ये आपलंच न्हवं?"

"आपलंच. जपानमध्ये सहावीला हाच इतिहास असतो." मला हे माहीत होतं. पण नातीच्या वर्गाचा आणि आजोबांच्या कार्डांचा संबंध मी जोडला नव्हता. नातीशी बोलायला म्हणून मी हवामान घोटून घेतलं होतं.

त्यांनी कार्डं काढली, रबरबँड सोडला आणि टेबलावर एकेक मांडायला लागले.

"उद्या हितनंच फोन लावतो," ते म्हणाले. "तुम्ही बाजूला बसायचं. पर मधी बोलायचं न्हाई. मी अडलो तर अडू दे."

रविवारी साडेदहाला आम्ही फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला. रुचिता पडद्यावर आली, मागे मांडलेले कागद आणि रंगीत पेनं दिसत होती.

"आप्पा, सांगितलं की तुम्हाला, तिला वेळ न्हाई आज."

"तिलाच फोन दे. मदत करायला लावलाय म्हणावं."

"कसली मदत?"

"तू दे तर."

मोना आली. केस मागे बांधलेले, गालावर निळ्या शाईचा डाग. नजर कागदावरच होती.

बापूसोंनी घसा खाकरला आणि त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "मोना. सान्किन-कोताइ."

तिने मान वर केली.

"शित्तेरु नो?" तिने विचारलं. म्हणजे, तुला माहीत आहे?

"शित्तेइमास," ते म्हणाले. माहीत आहे. हे मी शिकवलं होतं, आणि ते बरोबर आलं. मग त्यांनी कार्डांवर बोट ठेवत सुरुवात केली. "शोगुन. केन्र्योकु. दाइम्यो, एदो." पुढचा शब्द नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघत राहिले. "दाइम्यो... बासु. गोवा."

मोनाने पेन खाली ठेवलं.

"दाइम्यो बसने गोव्याला गेले?" तिने विचारलं. मराठीत. एकेक शब्द जपून ठेवत.

"तुझ्या आज्ज्याचे गेले," बापूसो म्हणाले. "शोगुनच्या बसनं. फोन काढून घेतले. मग सेन्क्यो. मग हाइहान-चिकेन." आणि त्यांनी हाताने टेबलावरून काहीतरी झाडून टाकल्यासारखं केलं.

ती त्यांच्याकडे बघत होती. मोठ्या आवाजाची वाट बघत होती की काय, कोण जाणे. मग ती पडद्याच्या जवळ आली.

"ओजीइचान, तोनोसामा दात्ता नो?"

हा शब्द आम्ही केला नव्हता. बापूसोंच्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं. "आज्जा राजा होता?" ती म्हणाली.

"राजा न्हाई. काइचो."

तिने लिहून घेतलं. बापूसोंनी पत्रिकेच्या तुकड्यांवरून हात फिरवला, एक उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मोतो-काइचो," ते म्हणाले.

मी हलले नाही. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

मोनाने एक कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. वर्तमानपत्राचा आराखडा होता. एका कोपऱ्यात चौकट आखून त्यात टोपी घातलेल्या माणसाचं चित्र काढलं होतं आणि बाजूला जागा रिकामी होती. ती भराभर जपानीत बोलायला लागली. मुलूख गेलेल्या दाइम्योची मुलाखत लिहायची होती. प्रश्न तिने तयार केला होता, उत्तर सुचत नव्हतं. पुस्तकात कायदे होते, सनावळ्या होत्या, दाइम्यो काय म्हणाला ते नव्हतं. बापूसोंना यातलं फारसं समजलं नसावं. तिने थांबून प्रश्न वाचला, मग डोळे मिटून मराठी शोधली.

"हान गेलं. मग... कसं वाटलं?"

बापूसोंनी कार्डं चाळली. सरकार, निवडणूक, सत्ता, केंद्र. एकही कामाचं नव्हतं. ती त्यांनी बाजूला सारली आणि रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. पडद्यावर मोना पेन धरून थांबली होती. रुचिता तिच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"आसा," ते म्हणाले. सकाळी. "हितो गा..." ते पुन्हा थांबले. ओठ हलत होते. सफरचंदाच्या पुस्तकात पुढच्याच पानावर येणं-जाणं होतं. "हितो गा किमासेन."

सकाळी माणसं येत नाहीत.

मोनाने लिहिलं. वर बघितलं.

"देन्वा मो," ते म्हणाले. फोनसुद्धा.

तिने तेही लिहिलं. रुचिताने तोंडावर हात ठेवला आणि पडद्याच्या बाहेर गेली. तिने वडिलांच्या तोंडून हे मराठीत कधी ऐकलं नसावं.

"सोरेकारा?" मोनाने विचारलं. मग पुढे?

हा शब्द त्यांना येत होता. त्यांनी थोडा विचार केला.

"सोरेकारा, निहोंगो." मग पुढे, जपानी.

मोना लिहायला लागली आणि मध्येच थांबली. तिला हसू आलं.

"आज्जा, ते नाही चालणार. दाइम्योला जपानी आधीच येत होती."

"व्हय की," बापूसो म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज नेहमीइतका मोठा झाला. "त्ये ऱ्हायलंच बगा माझ्या ध्यानात. मग मोडी शिकला म्हणून घाल."

"मोडी म्हणजे?"

मोडी म्हणजे काय ते सांगण्यात बराच वेळ गेला. त्यांनी मराठीत सांगितलं, तिने जपानीत विचारलं. मला मध्ये बोलावं लागलं नाही.

मंगळवारी ते वांग्यांची पिशवी घेऊन आले. फोनवर वर्तमानपत्राचा फोटो आला होता. मी मोठा करून वाचून दाखवला. चौकटीतल्या दाइम्योच्या तोंडी तिने पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी ठेवली होती. त्याखाली स्वतःचं एक जोडलं होतं: पण रविवारी एक माणूस येतो.

"कोण येतंय म्हणती ती?" त्यांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही. नुसतं 'एक माणूस'."

त्यांनी फोटो पुन्हा एकदा बघितला. मग खिशातून कोरं कार्ड काढून त्यावर 'मोतो' लिहिलं, रेघ ओढली, आणि गठ्ठ्यात 'काइचो'च्या वर ठेवून रबरबँड लावला.

"आता त्ये सफरचंदाचं पुस्तक काढा," ते म्हणाले. "पोरगी सुट्टीत यायचीया. तिला खायला काय आवडतंय, त्ये इचारायला पायजे."